पाऊस कुणाच्या खात्यावर? एका अमेरिकन परवान्याचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाल्यावर एका श्रोत्याने मला विचारलं, सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता हे परवान्याचं काय काढलंत? विषय वरवर रुक्षच आहे, ते कबूल. अमेरिकेत कारखान्याच्या आवारात पडलेलं पावसाचं पाणी बाहेर ओढ्यात किंवा नदीत जात असेल, तर त्यासाठी सरकारी परवाना काढावा लागतो. तिथे ह्या पाण्याला ‘स्टॉर्मवॉटर’ म्हणतात. कारखान्याच्या सांडपाण्याला परवाना लागतो हे आपल्याला पटतं. पण पावसाच्या पाण्याला?

जरा थांबून बघा. पाऊस कारखानदाराने पाडलेला नाही. छत त्याचं, आवार त्याचं, पाऊस मात्र आकाशातला. तो जस्ताच्या पत्र्यांवरून, भंगाराच्या ढिगावरून, तेल सांडलेल्या फरशीवरून वाहतो आणि उताराला लागतो. आढ्याचं पाणी वळचणीलाच जाणार. मग नदीत जे जस्त गेलं, जे तेल गेलं, ते तिथे घातलं कुणी?

आपल्या नैयायिकांनी कारणांची फार बारीक विभागणी केली आहे. घट व्हायला माती लागते, कुंभार लागतो, दंड-चक्र लागतं. काल, दिशा, अदृष्ट ही सगळ्याच कार्यांना लागणारी साधारण कारणं. ती कुणा एकाच्या नावावर मांडायची नसतात. आणि ज्या गाढवाने माती वाहून आणली ते कारणच नव्हे, ते अन्यथासिद्ध. आता कारखानदाराचा युक्तिवाद ऐका. तो म्हणतो, पाऊस हे साधारण कारण, सगळ्यांवर सारखाच पडतो, आणि मी? मी तर कुंभाराचं गाढव! माझं छत मधे आलं इतकंच. अमेरिकन कायद्याला ह्या युक्तिवादाचं उत्तर द्यायला जवळजवळ नव्वद वर्षं लागली. त्या नव्वद वर्षांची गोष्ट आज सांगायची आहे.

सुरुवात १८९९ सालापासून करू. त्या वर्षी तिथल्या काँग्रेसने नद्या आणि बंदरं ह्यांच्यासाठी एक कायदा केला. त्याच्या तेराव्या कलमाला पुढे ‘रेफ्यूज अ‍ॅक्ट’, म्हणजे केरकचऱ्याचा कायदा, असं नाव पडलं. नौकानयनाच्या पाण्यात कचरा टाकायचा नाही. टाकायचाच असेल तर युद्धमंत्र्याची परवानगी घ्यायची. युद्धमंत्री अशासाठी, की नद्या आणि बंदरं लष्कराच्या इंजिनिअरांकडे होती, आणि काळजी माशांची नव्हती, जहाजांची होती. ह्या कायद्यात दोन मजेदार गोष्टी होत्या. एक, गुन्ह्याची खबर देणाऱ्याला दंडाची निम्मी रक्कम मिळू शकत असे. दुसरी आपल्या कामाची. रस्त्यांवरून आणि गटारांतून जे द्रवरूपात वाहत येईल, ते ह्या बंदीतून वगळलेलं होतं. म्हणजे घनरूप कचरा हा माणसाचा, आणि वाहतं पाणी हे कुणाचंच नाही, अशी वाटणी तिथे पहिल्याच दिवशी झाली.

ही वाटणी साठ वर्षं कुणाला फारशी खुपली नाही. १९६० साली शिकागोजवळच्या कॅल्युमेट नदीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. पोलाद कारखान्यांनी पाण्यातून सोडलेल्या बारीक कणांनी नदीचं पात्र उथळ होत चाललं होतं. कंपन्या म्हणाल्या, आम्ही सोडलं ते गटारातून आणि द्रवरूपात, आम्हाला सूट आहे. न्यायालय म्हणालं, पाण्यात तरंगत आलेला घन पदार्थ द्रव होत नाही. पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला. १९६६ साली त्याच न्यायालयापुढे फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीत सांडलेलं विमानाचं पेट्रोल आलं. प्रश्न असा होता, की विकाऊ मालाला कचरा म्हणता येईल का? दोन्ही निकाल न्यायमूर्ती डग्लस ह्यांचे. त्यांचं म्हणणं, नदीला त्याची किंमत काय कळणार? नदीत पडलं की तो कचराच. (शब्द माझे आहेत, आशय त्यांचा.) वस्तूची जात तिच्या बाजारभावावरून ठरत नाही, ती कुठे जाऊन पडली ह्यावरून ठरते, माझ्या मते ह्या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा विचार आहे. पुढे पावसाच्या बाबतीत हाच विचार उपयोगी पडला.

मग १९६९. जूनमध्ये क्लीव्हलंड शहरात कायाहोगा नदीला आग लागली. नदीला आग! ती काही पहिली आग नव्हती, आणि ‘टाइम’ साप्ताहिकाने त्या बातमीसोबत छापलेलं छायाचित्र तर १९५२च्या आगीचं होतं. पण लोकांच्या मनात बसली ती १९६९ची आग. १९७०च्या डिसेंबरमध्ये पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, सुरू झाली. त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष निक्सन ह्यांनी १८९९चा तो जुना कायदा पेटीतून काढला आणि कारखान्यांना त्याखाली परवाने घ्यायला लावायचं ठरवलं. वर्षभरात कोर्टाने ती योजना अडवली. मग १९७२ साली काँग्रेसने नवा कायदा केला, आज ज्याला ‘क्लीन वॉटर अ‍ॅक्ट’ म्हणतात तो. निक्सन ह्यांनी खर्चाचं कारण देऊन नकाराधिकार वापरला. दुसऱ्याच दिवशी, १८ ऑक्टोबरला, दोन्ही सभागृहांनी तो नकार मोडून काढला.

त्या कायद्याची मांडणी साधी आहे. कुणीही, कोणताही प्रदूषक पदार्थ, ठरावीक मुखातून देशाच्या पाण्यात सोडणं हा गुन्हा. परवाना असेल तरच सूट. ह्या ठरावीक मुखाला तिथे ‘पॉइंट सोर्स’ म्हणतात, आपण बिंदुस्रोत म्हणू. बिंदुस्रोत म्हणजे डोळ्यांना दिसेल, हद्द दाखवता येईल असा पाण्याचा मार्ग. नळ, चर, पाट, नाला, विहीर, सगळं त्यात आलं. आता कारखान्याच्या छताची पन्हळ किंवा आवारातला चर ह्या व्याख्येत बसतो की नाही? अक्षरशः बसतो. आणि इथेच ईपीएचे धाबे दणाणले. कारण देशभरातल्या पावसाच्या गटारांची तोंडं मोजायला बसलं तर परवाने लाखांनी द्यावे लागणार.

म्हणून १९७३ साली ईपीएने नियम काढून काही प्रकार सरळ वगळून टाकले. त्यात फक्त पावसाचं पाणी वाहणारी, उद्योग-व्यापाराने न बिघडलेली गटारं होती, लहान गोठे होते, काही शेतीचं आणि जंगलकामाचं पाणी होतं. ‘नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल’ ही संस्था कोर्टात गेली. खटला सुरू झाला तेव्हा ईपीएचे प्रमुख ट्रेन होते, अपिलाचा निकाल लागेपर्यंत कॉस्टल आले. म्हणून एकाच भांडणाची दोन नावं कायद्याच्या पुस्तकात सापडतात. १९७७चा अपिलाचा निकाल न्यायमूर्ती लेव्हन्थल ह्यांनी लिहिला. कोर्ट म्हणालं, काँग्रेसने ‘कोणताही’ म्हटलंय, तेव्हा काम फार आहे म्हणून एखादा प्रकारच वगळायचा अधिकार तुम्हाला नाही. पण कोर्ट तिथेच थांबलं नाही. प्रत्येकाला वेगळा परवाना देणं जमत नसेल तर एकसारख्यांना मिळून एक सामान्य परवाना द्या. आणि पाण्यात अमुक मिलिग्रॅमच असावं असा आकडा ठरवणं शक्य नसेल, तर आकड्याऐवजी वागण्याच्या अटी घाला.

आजच्या परवान्याचं सगळं रूप ह्या दोन वाक्यांत आहे. प्रक्रियेतून निघणारं सांडपाणी रोज कमीजास्त तेवढंच असतं, त्याला आकडा लावता येतो. पाऊस कधी येईल, किती येईल, दोन पावसांमध्ये आवारात काय साठेल, ह्याचा आकडा कसा लावणार? म्हणून कायदा नळाच्या तोंडापासून मागे सरकत सरकत आवारात शिरला.

पण लगेच नाही हं. पुढची दहा वर्षं ओढाताणीत गेली. नियम निघाले, उद्योग कोर्टात गेले, नियम बदलले, अर्जांच्या मुदती पुढे ढकलल्या. त्याचा तपशील सांगत बसत नाही. मधल्या काळात एक चांगलं काम झालं. १९७८ ते १९८३ ह्या काळात ईपीएने २८ ठिकाणी शहरातल्या पावसाच्या पाण्याचा पद्धतशीर अभ्यास करवला. तांबं, शिसं, जस्त हे सगळीकडे सापडले. पावसाचं पाणी स्वच्छ असतं ही समजूत तिथे संपली.

१९८७ साली कायद्यात दुरुस्ती झाली. ह्या वेळी नकाराधिकार रेगन ह्यांनी वापरला आणि ह्याही वेळी काँग्रेसने तो मोडला. दुरुस्तीने सांगितलं, पावसाच्या पाण्याचे बहुतेक प्रकार तूर्त थांबू द्या, पण दोन आधी घ्या. एक लाखाहून जास्त वस्तीच्या शहरांची गटारं, आणि औद्योगिक कामाशी संबंधित पाणी. त्याच दुरुस्तीने शेतातून वाहणारं पावसाचं पाणी बिंदुस्रोताच्या व्याख्येतूनच काढून टाकलं. खतं आणि कीटकनाशकं पत्र्यावरच्या जस्तापेक्षा पाण्याला कमी जड जातात असं काही नाही. माझं मत विचाराल तर ही सूट तर्कशास्त्राने दिलेली नाही, मतपेटीने दिली आहे. असो.

१६ नोव्हेंबर १९९० रोजी अंमलबजावणीचे नियम प्रसिद्ध झाले. औद्योगिक काम म्हणजे काय, ह्याचे अकरा प्रकार त्यात आहेत. इथे मला युबुलिडीसच्या ढिगाऱ्याची आठवण होते. एक दाणा म्हणजे ढीग नाही, दोन म्हणजेही नाही, मग ढीग होतो केव्हा? रस्त्यावरचा साधा पेट्रोलपंप ह्या यादीत नाही. बसगाड्यांचा डेपो, जिथे गाड्यांची दुरुस्ती होते, तो आहे. लाकडं वाहून नेणाऱ्या जंगलातल्या रस्त्यांचं पाणी चरांतून नदीत जातं, त्याचं काय? हे भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१३ साली न्यायालयाने ईपीएचा अर्थ मान्य केला. जंगलतोड हा उद्योग खरा, पण ह्या नियमापुरतं ते औद्योगिक काम नव्हे. तुम्ही हसाल, पण रेघ कुठेतरी मारावीच लागते, आणि कुठेही मारली तरी रेघेच्या दोन्ही बाजूंची माणसं जवळजवळ सारखीच असतात.

आता परवाना मिळतो कसा ते बघू. कारण खरी गंमत तिथे आहे. बहुतेक राज्यं हे काम स्वतः करतात. कॅलिफोर्नियाचा परवाना वेगळा, टेक्ससचा वेगळा. मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशर, न्यू मेक्सिको, राजधानी वॉशिंग्टन अशा थोड्या ठिकाणी ईपीएचा स्वतःचा सामान्य परवाना चालतो. तो १९९५ साली पहिल्यांदा निघाला तेव्हा त्यात उद्योगांचे २९ गट होते, पुढे ३० झाले. लाकूड कारखाने ‘ए’, जुन्या मोटारी मोडणारे ‘एम’, भंगारवाले ‘एन’. अक्षरं संपली तेव्हा ‘एए’पासून पुन्हा सुरू.

समजा तुमचं भंगाराचं आवार आहे. परवाना ईपीएने आधीच लिहून ठेवलेला आहे. तुम्ही त्यात सामील होण्याचा इरादा कळवायचा. पण इरादा कळवण्याआधी एक आराखडा लिहून तयार पाहिजे. त्यात आवाराचा नकाशा लागतो, आणि नकाशावर बाण. पाणी कुठून कुठे वाहतं, कुठल्या तोंडाने बाहेर पडतं, शेवटी कुठल्या ओढ्याला मिळतं. कुठे काय उघड्यावर पडलंय. बॅटऱ्या कुठे, तेलाची पिंपं कुठे, मागे कधी काय सांडलं होतं. ही जबाबदारी कुणाची, त्यांची नावं. तो ओढा आधीच प्रदूषित म्हणून नोंदलेला आहे का? तिथे संरक्षित प्राणी-वनस्पती आहेत का? जवळ ऐतिहासिक वास्तू आहे का? आणि एक तपासणी मला फार आवडते. कोरड्या दिवशी जाऊन बघायचं, की गटारातून पाणी वाहतंय का. पाऊस नसताना पाणी वाहत असेल तर ते पावसाचं नाही, हे उघड आहे. मग ते कुणाचं? मोटार धुतलेलं पाणी पावसाच्या नावाखाली सोडता येत नाही.

हे सगळं झालं की इरादापत्र संगणकावरून पाठवायचं, साधारण तीस दिवस थांबायचं, आणि हरकत नसेल तर परवाना लागू. मुदत पाच वर्षं. तुमचा माल, यंत्रं, कचरा, सगळं पक्क्या छपराखाली असेल, पावसाचा थेंबही त्याला लागत नसेल, तर तसं लिहून दिल्यावर परवान्यातूनच सूट मिळते. ती सूटही दर पाच वर्षांनी पुन्हा मागायची. आधी ही सवलत फक्त हलक्या उद्योगांना होती, तीही काहीही लिहून न देता. १९९२ साली एका अपील न्यायालयाने ते अमान्य केलं, आणि १९९९च्या नियमांनी बांधकाम सोडून सगळ्याच प्रकारांना ती दिली, पण सही घेऊन.

पुढे दर तिमाहीला एक काम असतं. आधी किमान ७२ तास कोरडे गेलेले असावेत, आणि मग पाणी वाहू लागल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात नमुना घ्यायचा, कारण पहिला लोंढा सगळ्यांत घाण असतो. (कोकणात जुलै महिन्यात ७२ तास कोरडे शोधायचे म्हणजे काय, ते तुम्हीच बघा. तिथल्या नियमांतही हवामान बघून सवलत आहे.) नमुना पारदर्शक बाटलीत धरायचा आणि नुसता बघायचा. रंग काय, वास येतो का, गढूळ आहे का, तळाशी काही बसलंय का, फेस, तेलाचा तवंग. प्रयोगशाळा नाही, यंत्र नाही. नाक आणि डोळे. प्रत्यक्ष हे पहिलं प्रमाण असं आपण म्हणतो, तसं हे प्रत्यक्ष!

प्रयोगशाळेची तपासणीही असते, गटागटाप्रमाणे. गढूळपणाच्या कणांसाठी लिटरमागे १०० मिलिग्रॅम असा एक आकडा आहे. पण हा आकडा मर्यादा नव्हे. त्याला ‘बेंचमार्क’ म्हणतात, आपण खूण म्हणू. खुणेवर गेलात तर गुन्हा नाही. खुणेवर गेलात आणि काहीच केलं नाहीत, तर गुन्हा. पाण्याचा दोष माफ आहे, दुर्लक्षाचा दोष माफ नाही. आपण ज्या प्रश्नापासून निघालो त्याचं उत्तर इथे मिळतं. कायदा कारखानदाराला म्हणत नाही, की पाऊस तुझा. तो म्हणतो, पाऊस येणार हे तुला ठाऊक होतं. ज्याला ठाऊक असतं तो कुंभाराचं गाढव राहत नाही.

ह्या पद्धतीवर टीका आहे, आणि ती खोटी नाही. आराखडा मालकाने लिहायचा, नमुना मालकाने घ्यायचा, अहवाल मालकाने पाठवायचा. भाडोत्री सल्लागाराकडून छापील आराखडा घेऊन कपाटात ठेवला की झालं, असंही होतं. ह्याला उतारा म्हणून १९७२च्या कायद्यात नागरिकांना थेट दावा लावायचा हक्क आहे. साठ दिवसांची नोटीस द्यायची आणि कोर्टात जायचं. पुरावा कुठून आणायचा? कारखान्यानेच पाठवलेल्या अहवालांतून. मालकाची सही त्याच्याविरुद्ध साक्ष देते. उद्योगांची तक्रार अशी, की त्यामुळे जो प्रामाणिकपणे आकडे पाठवतो तोच सापडतो आणि ज्याने परवानाच घेतला नाही तो सुटतो. ह्या तक्रारीत तथ्य आहे. भंगाराच्या धंद्यातला छोटा माणूस सल्लागाराची फी भरून मेटाकुटीला येतो आणि शेजारचा बिनपरवाना त्याच्यापेक्षा स्वस्त माल विकतो, हा अन्याय नियमाने मिटत नाही, तपासनीस पाठवूनच मिटतो.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. खुणेचा आकडा ठरवायचा तर आधी पदार्थाचं नाव माहीत हवं. सिएटलच्या आसपासच्या ओढ्यांत कोहो जातीचे सॅमन मासे समुद्रातून अंडी घालायला वर येतात. पाऊस पडला की ते अंडी घालण्याआधीच मरत. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. तांबं तपासलं, जस्त तपासलं, कीटकनाशकं तपासली, काही जुळेना. २०२० सालच्या डिसेंबरमध्ये शोध प्रसिद्ध झाला. टायरचं रबर लवकर चिरू नये म्हणून त्यात एक रसायन घालतात, त्याचा हवेतल्या ओझोनशी संबंध आला की त्यापासून एक वेगळाच पदार्थ तयार होतो. तो मासे मारत होता. तोपर्यंत तो कुठल्याही यादीत नव्हता, कारण त्याला नावच नव्हतं. ह्याच्या उलट उदाहरण तांब्याचं. गाड्यांच्या ब्रेकमधून झिजून रस्त्यावर पडणारं तांबं पाण्यात जातं हे कळल्यावर कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन ह्या राज्यांनी २०१० साली कायदेच केले, की ब्रेकमध्ये तांबं टप्प्याटप्प्याने कमी करा. गटाराच्या तोंडाशी पहारा बसवण्यापेक्षा वस्तूच बदलली. टायरच्या बाबतीत हे अजून साधलेलं नाही.

आपल्याकडे काय, हा प्रश्न येणारच, म्हणून थोडक्यात सांगतो. महाराष्ट्राने पाणी प्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ साली केला आणि १९७० साली, म्हणजे ईपीएच्या जरा आधीच, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं. केंद्राचा जल कायदा १९७४चा. कारखान्याला मंडळाचं संमतीपत्र लागतं. पावसाच्या पाण्यासाठी तिथल्यासारखा स्वतंत्र, गटवार परवाना मात्र आपल्याकडे नाही. सांडपाण्याची आणि पावसाची गटारं वेगळी ठेवा, अशा अटींतून तो विषय हाताळला जातो. आठ महिने कोरडे गेल्यावर औद्योगिक वसाहतीतून जूनचा पहिला पाऊस जो लोंढा काढतो, तो बाटलीत धरून बघायचं बंधन कुणावर आहे, हे तुमच्यापैकी कुणी कारखान्यात काम करत असाल तर आपापल्या संमतीपत्रात शोधून बघा आणि मला कळवा. पुढच्या वेळी प्रश्नोत्तरांत ते घेऊ.